आधी पीकपाणी

त्यांना 'बसा' म्हटलं की ते उभे राहायचे. मुळात ते बसलेलेच नसायचे, म्हणून उठण्याचा नुसता अभिनय करायचे. टेबलाच्या कडेला टेकवलेलं अर्धं अंग उचलायचे, खिशातल्या मोटारसायकलच्या किल्ल्या खुळखुळवायचे आणि म्हणायचे, "बसाले टाइम कोणाले हाय, मास्तर?"

मंडळी, असा एखादा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. पंगतीत उभ्यानं जेवणारा, दवाखान्यात पेशंटपेक्षा जास्त येरझारा घालणारा. आमचे हे गृहस्थ वर्ध्याच्या पोलिसात हवालदार होते, तेही सायबर कक्षात. दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसून करायच्या कामावर सरकारनं नेमका न बसणारा माणूस नेमला होता!

मी इथल्याच एका ज्युनियर कॉलेजात इंग्रजी शिकवतो. परदेशी पत्रव्यवहार निघाला की मला बोलावणं यायचं. मानधन तर्री-पोहे. मी धावत जायचो, कारण तर्री झणझणीत असायची आणि हवालदारांचा प्रयोग फुकटात पाहायला मिळायचा.

प्रयोगाची नांदी ठरलेली. तक्रारदार कुणीही असो, पहिला प्रश्न एकच: "पीकपाणी काय म्हणते?"

एकदा सिंदी मेघेच्या फ्लॅटमधून एक बाई आल्या. खातं रिकामं झालेलं, डोळे सुजलेले.

"पीकपाणी काय म्हणते?"

बाई रडायच्या थांबल्या. "माझ्याकडे शेती नाही हो. चार कुंड्या आहेत."

"मंग कुंड्याइचं सांगा."

बाईंनी मोगऱ्यावर पडलेला मावा सविस्तर सांगितला. तो सांगून होईपर्यंत त्यांचा श्वास जागेवर आला आणि पुढची सगळी हकिगत त्यांनी बिनचूक दिली. बाई गेल्यावर मी विचारलं, "हवालदार, हे शेतीचं लचांड काऊन मधात आणता?"

"सोयरिकीले गेल्यावर तुम्ही दारातूनच पोरगी दाखवा म्हणता काय? आधी पाणी, मंग पीकपाणी, मंग पोरगी." आणि किल्ल्या खुळखुळवत व्हरांड्यात पसार.

सोयरिकी जुळवणं हा त्यांचा खरा धंदा होता, नोकरी जोडधंदा. पंचक्रोशीतली निम्मी लग्नं त्यांच्या मोटारसायकलवर बसून ठरली होती, असं ते स्वतःच सांगायचे.

तर एके दिवशी सेलूचे एक म्हातारे काका आले. त्यांना 'डिजिटल अटक' झाली होती. म्हणजे व्हिडिओ कॉलवर वर्दी घातलेला एक तोतया, 'दिल्ली से बोल रहा हूँ' म्हणून सकाळपासून दरडावत होता आणि काका भिंतीला पाठ लावून मोबाइलसमोर उभे होते. पैसे गेले नव्हते, पण लाजेनं माणूस अर्धा झाला होता. कक्षाच्या मोठ्या साहेबांपुढे त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. हवालदारांनी त्यांना तुरीबद्दल विचारलं. तुरीवरून गाडी घसरली ती थेट त्या कॉलवर.

"दुपार टळली होती," काका म्हणाले, "अन् तो पोट्टा माह्यावर ओरडूनच राह्यला होता. घसा बसला होता त्याचा. मले राहवलं नाई. म्या म्हटलं, साहेब, तुम्ही जेवले काय?"

"मंग?"

"मंग तो रडालेच लागला. म्हणे, नाई जेवलो काका. म्हणे, मी तुमच्या इकडचाच, आंजीचा. मले इथं कोंडून ठेवलं हाय. पैसे नोका देऊ. अन् कोणीतरी त्याले मागून ओढलं. कटला फोन."

किल्ल्यांचा आवाज थांबला.

कारण आंजी मोठीची एक अंगणवाडीवाली पोरगी आधीच तिथं येऊन गेली होती. तिचा धाकटा भाऊ पूर्वेकडच्या एका देशात कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी जातो म्हणून सांगून गेला, आणि मग त्याचा फोनच बंद. हवालदार तसेच उठले (म्हणजे उभेच होते, निघाले) आणि मोटारसायकल आंजीच्या रस्त्याला लागली. काकांच्या फोनवर त्या तोतयाचा प्रोफाइल फोटो होता, तो बहिणीनं पाहिला. वर्दी खोटी, टोपी खोटी, पण खालचा चेहरा तिच्या भावाचा होता.

आता पंचाईत पाहा. एका फाइलीत तो हरवलेला, दुसऱ्या फाइलीत गुन्हेगार. तिकडचं सरकार आपल्या सरकारशी बोलून पोरांना कोंडून असले फोन करायला लावणारे ठगांचे अड्डे रिकामे करत होतं. ज्याच्याबद्दल त्याच्या देशानं सांगितलं, 'हा आमचा, याला डांबून ठेवलंय', तो विमानात. ज्याच्याबद्दल कुणी बोललं नाही, तो तिकडच्या तुरुंगात, नाहीतर ठगांच्या हाती लागून पुढच्या अड्ड्यात. म्हणजे त्या पोराचं नाव वेळेत, योग्य कानी पडणं, एवढाच सगळा खेळ होता.

आणि ते कान फार लांब होते. वर्ध्याचं पत्र मुंबईला, मुंबईचं दिल्लीला, दिल्लीचं दूतावासाला, तिथून त्यांच्या मंत्रालयाला, मग त्यांच्या पोलिसांना. "मध्यस्थ मीही हाव," हवालदार म्हणायचे, "पण सोयरिकीत येवढे मध्यस्थ घातले तर नवरदेव म्हातारा होते ना, मास्तर!" रोज ते साऱ्यांना फोन लावायचे. कानाला फोन, दुसऱ्या हातात किल्ल्या, आणि व्हरांडा या टोकापासून त्या टोकापर्यंत. मुंबईच्या कारकुनाच्या सासऱ्याची बागायत कुठे आहे, हेही त्यांना कळलं होतं. पत्र मात्र हलत नव्हतं.

शेवटी एक ऑनलाइन बैठक ठरली. अनेक देशांचे अधिकारी, समुद्राखालच्या केबली, चिप, सायबर सुरक्षा असे भारदस्त विषय, आणि त्यात पाच मिनिटं वर्ध्याला. मी लग्नातला कोट घातला. पोरीला साहेबांनी आत येऊ दिलं नाही, ती बाहेर जिन्यावर बसली.

पडद्यावर चौकोनच चौकोन. आमच्या चौकोनात फक्त एका पट्ट्याचं बक्कल दिसत होतं, कारण हवालदार कॅमेऱ्यासमोर उभे होते.

"वर्धा, कृपया बैठ जाइए," दिल्लीवाले म्हणाले.

हवालदार थोडे वाकले. आता बक्कल गेलं, मिशी आली. समोर त्या देशाच्या पोलिसातल्या बाई, चेहरा इस्त्री केल्यासारखा.

"मास्तर, इच्यारा त्यायले, पीकपाणी काय म्हणते?"

मी कुजबुजलो, "अहो, आधी पोराचं सांगा!"

"इच्यारा म्हणतो ना. पहिल्यांदाच तोंड पाहून राह्यलो आपण त्यायचं."

मी विचारलं. साऱ्या चौकोनांतल्या भुवया एकदम वर गेल्या. आणि मग मंडळी, त्या बाई हसल्या! त्यांच्या वडिलांचं भाताचं शेत होतं, त्यात पाणी साचलं होतं, म्हैस चिखलात रुतली होती. तुमच्याकडे काय पिकतं, त्यांनी विचारलं. हवालदार खुलले. कापूस सांगितला, बोंडअळी सांगितली. बोंडअळीला इंग्रजीत काय म्हणतात ते मला ऐनवेळी आठवेना, मी 'गुलाबी किडा' असं काहीतरी ठोकून दिलं. चिप आणि केबली बाजूला राहिल्या, अख्खी बैठक बोंडअळीवर येऊन थांबली. मला काय मजा येत होती म्हणून सांगू!

"टाइम हो गया, वर्धा," दिल्लीवाले म्हणाले. आमचा चौकोन काळा झाला.

पोराचं नाव घ्यायचं राहून गेलं होतं.

साहेबांचा आवाज चढला, "हवालदार, सरकारं काय तुमच्या सोयरिकी जुळवायला बसलीत?" हवालदारांनी मान खाली घातली आणि ते जिन्यावर गेले. मी मागोमाग. त्यांनी आडपडदा ठेवला नाही. "पोरी, तुह्या भावाचं नाव सांगाचं राहूनच गेलं. मीच गमावली वेळ."

ती पायरीवरून उठली. "मंग आता, भाऊ?"

"आता मी बसत नाई."

"तुम्ही बसता कवा?" ती म्हणाली, आणि रडायला लागली.

त्यानंतरच्या दिवसांत त्यांच्याकडे पाहवत नव्हतं. पोहे आणले तर प्लेट हातात तशीच, तर्री थिजून जायची. येणाऱ्या तक्रारदाराला ते थेट म्हणायचे, "सांगा, काय झालं." पीकपाणी बंद! मला वाटलं, आता हा माणूस संपला.

मग एका दुपारी दिल्लीहून निरोप आला. तिकडच्या बाईंनी विचारलं होतं: वर्ध्याच्या त्या शेतीवाल्या अधिकाऱ्यांचं काम सांगायचं राहून गेलं, ते काय होतं? थेट मला कळवा.

हवालदारांनी मला कॉलेजातून, वर्गातून, फळ्यासमोरून उचलून आणलं. मी लिहू लागलो. नाव, फोटो, काकांचा जबाब, हा डांबलेला आहे, गुन्हेगार नाही.

"थांबा," ते म्हणाले. "पहिल्या ओळीत म्हशीचं इच्यारा."

"पुन्हा?"

"चिखलात रुतली होती ना ते. निंगाली का नाई, इच्याराले नोको?"

मी पहिल्या ओळीत म्हैस घातली, दुसऱ्या ओळीत पोराचं नाव. म्हैस निघाली होती. पोरगाही निघाला.

तो आला तेव्हा बहिणीनं त्याला आधी सायबर कक्षात आणलं. वाळून काटकी झालेला, प्रत्येक फोनच्या घंटीला दचकणारा. त्याचा जबाब सुरू होणार तोच दारात सेलूचे काका. हातात डबा, त्यात पाटोड्या आणि भाकरी.

"त्या दिवशी तू जेवला नोता," काका म्हणाले. "जेव आधी."

पोरगा जेवला. साहेबांसकट आम्ही सगळे उभे होतो, आणि हवालदारांच्या किल्ल्या पुन्हा खुळखुळत होत्या.

हवालदार गेले ते दिवाळीच्या जरा आधी. त्यांच्या घरी गेलो तर वहिनी म्हणाल्या, "जेवले, अन् खुर्चीत जाऊन बसले. मले वाटलं, आज बसले म्हंजे जिवाले बरं वाटून राह्यलं असन. म्हणून म्या हाकच नाई मारली." किल्ल्या भिंतीवरच्या खिळ्याला लटकत होत्या. वाऱ्यानंही हलत नव्हत्या.

परवा पुन्हा तशीच बैठक झाली. हवालदारांच्या जागी नवे, तरुण अधिकारी आले आहेत. हुशार आहेत, मुद्दे पाठ, खुर्चीत ताठ बसतात. मी कोट घालून शेजारी. आमचा नंबर आला, नव्या साहेबांनी घसा साफ केला, तेवढ्यात समोरच्या चौकोनातून त्या बाईच आधी बोलल्या.

"वर्धा, यंदा कापूस कसा आहे? तो गुलाबी किडा?"

नवे साहेब कागद चाळू लागले. त्यांच्या मुद्द्यांत कापूस नव्हता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पडद्यावर बाई वाट पाहत होत्या आणि आमच्या चौकोनात त्यांची नजर काहीतरी शोधत होती. बहुतेक बक्कल.

मी उभा राहिलो आणि म्हणालो, "कापूस बरा आहे. तुमच्या वडिलांचा भात काय म्हणतो?"