लाल कॅलिपर आणि माहेरची साडी

आमच्या मोटारीच्या मागच्या चाकांना कॅलिपर नाहीत, ही माहिती मला चारही चाकं काढून झाल्यावर मिळाली.

कॅलिपर म्हणजे काय, हेही मला तोवर नुकतंच कळलं होतं. (मी कोल्हापूरच्या हायस्कुलात भूगोल शिकवतो. ज्वालामुखीच्या आत काय असतं ते विचारा, चाकाच्या आत काय असतं ते विचारू नका.) चाकाच्या मागं एक लोखंडी तबकडी फिरत असते. ब्रेक दाबला की तिला चिमट्यात पकडणारा जो ठोकळा, तो कॅलिपर. आमच्या इचलकरंजीच्या साडूनं नवी गाडी घेतली, तिचे हे ठोकळे लालभडक. चाकाच्या फटींतून असे दिसायचे, जणू गाडीनं पान खाल्लंय! आमची गाडी जुनी, रंगानं मातकट. तिचे निदान ओठ तरी रंगवावेत असं माझ्या मनानं घेतलं. मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला. त्यात एक पोरगा हसत हसत चाक काढत होता, हसत हसत रंग लावत होता आणि हसत हसत चाक परत बसवत होता. त्याला घरदार नसावं.

रविवारी सकाळी शेजारच्या रफीकभाईंकडून दोन जॅक आणले, आपला एक लावला, चौथ्या कोपऱ्याला विटांची चवड रचली. गाडी अंगणात अशी उभी राहिली, जशी पाण्यात पाय भिजू नयेत म्हणून लुगडं वर धरलेली म्हातारी!

आबा, म्हणजे माझे वडील, कट्ट्यावर चहा पीत बघत होते.

"हे कशाला रं उघडलंस?"

"रंग द्यायचाय, आबा."

"चाकाच्या आत?"

"व्हय."

आबांनी बशीतला उरलेला चहा ओढला आणि आईला म्हणाले, "एकदा ह्याची पत्रिका दाखवून आन."

मागच्या चाकांत कॅलिपर सापडेनात, नुसतीच डब्याच्या झाकणासारखी गोल ड्रम. तेव्हा मी पुढच्या दोघांकडं वळलो. तारेच्या ब्रशनं घासले, भोवती वर्तमानपत्रं चिकटवली आणि लाल रंगाचा पहिला हात दिला. चाकांचे नट मी आईजवळ दिले होते. "जपून ठेव" म्हटलं होतं. माझी चूक एवढीच, की "जपून" म्हटलं. आईच्या लेखी जपून ठेवायची वस्तू आधी स्वच्छ असावी लागते. तिनं सगळे नट चिंच लावून तांब्याच्या भांड्यांसारखे घासले आणि वाळायला गच्चीवर घातले. गच्चीवर तेव्हा वर्षाच्या चटणीची मिरची पसरलेली होती.

दुसरा हात द्यायला ब्रश बुडवला आणि फोन वाजला. आजऱ्याहून आनंदादादा, माझा आत्येभाऊ.

"बाळू," तो म्हणाला, आणि एकदा नाक ओढलं. मग म्हणाला, "आई गेली रं. सकाळी देवाला फुलं काढाय गेलती. तिथंच बसली, ती उठलीच न्हाई. मामांना घेऊन या. साडी घेऊन या. तुमी आल्याबिगर उचलत न्हाई."

आक्काआत्या म्हणजे आबांची थोरली बहीण. आबांची आई ते रांगत होते तेव्हाच गेली. आक्कानंच त्यांना कडेवर वाढवलं. तिचं लग्न झालं तेव्हा हे पोरगं तिचा पदर सोडेना, म्हणून नवरीबरोबर वरातीत आजऱ्याला गेलं आणि शाळा शिकूनच परतलं. दाजी, म्हणजे तिचे यजमान, आजही चेष्टेनं म्हणतात, "मला हुंड्यात मेव्हणा मिळाला." आत्या काजूच्या कारखान्यात बिया फोडायला जायची. त्या चिकानं तिची बोटं कायम काळी. त्याच काळ्या बोटांनी तिनं आबांच्या वह्यापुस्तकांचे पैसे मोजले. आणि तिचं हसणं! ती आजऱ्यात हसली की उत्तूरच्या वेशीवर ऐकू येतं, असं दाजी सांगायचे.

आमच्याकडं बाईच्या शेवटाला माहेरची साडी लागते. ती भावानं न्यायची. ती आल्याशिवाय बाईला उचलत नाहीत.

मी लाल हात घेऊन कट्ट्यापाशी गेलो. आबांनी माझ्या तोंडाकडं बघितलं.

"आजऱ्याचा फोन?"

"व्हय, आबा."

"आक्का?"

मी मान हलवली. आबांनी कपबशी खाली ठेवली. ती नीट सरळ केली. मग आत गेले, धुतलेलं धोतर नेसले, डोक्याला टोपी घातली, बाहेर आले, गाडीचं दार उघडलं आणि पुढच्या सीटवर जाऊन बसले.

गाडी डुलली. विटांची चवड करकरली.

"आबा! उतरा की! गाडीला चाकं न्हाईत!"

"मग घाल," आबा म्हणाले आणि समोरच्या काचेतून भिंतीकडं बघत बसले.

"आबा, गाडी पडंल!"

"पडू दे. म्या हितंच बसतो."

मी रफीकभाईंकडं पळालो. त्यांची गाडी जावई मिरजेला घेऊन गेला होता. भाड्याच्या गाडीवाल्याला फोन लावला, तो म्हणाला, "लग्नाची वर्दी हाय, दुपारनंतर बघू." ते आबांना सांगितलं, तर ते भिंतीवरची नजर न काढता म्हणाले, "भाड्याच्या गाडीतनं माहेरची साडी न्यायची व्हय रं?"

विषय संपला. चाकं बसवायची.

"आई, नट!"

"गच्चीवर."

गच्चीवर गेलो तर लालभडक मिरचीचा समुद्र, आणि त्यात चिंचेनं चकाकलेले माझे नट, बेटांसारखे. (भूगोलाचा उपयोग झाला तो एवढाच.) काही वर होते, बाकीचे बुडालेले. मी दोन्ही हात कोपरापर्यंत मिरचीत घातले आणि चाचपू लागलो. घाम डोळ्यांत उतरला. तो पुसायला मी हात डोळ्याला लावला.

पुढचं मला दिसलं नाही. नुसतं ऐकू आलं. जो ओरडत होता तो मी होतो.

आई धावत वर आली. माझ्या दोन्ही डोळ्यांतून धारा लागलेल्या. तिनं मला पोटाशी धरलं. "रडू नगंस लेकरा."

"आई, मिरची!"

"व्हय रं बाळा, मिरचीगतच झोंबतंय. तिनं लई जीव लावला आपल्याला." आणि तीही रडायला लागली. आम्ही दोघं मिरचीत बसून रडत होतो, ती आत्यासाठी, मी डोळ्यांसाठी. आणि एकदा रडायला बसल्यावर माझं रडणं मिरचीवरून केव्हा आत्यावर गेलं, ते माझं मलाच कळलं नाही. पाणी तेच होतं.

माझी बायको सुनंदा वर येऊन दोघांवर खेकसली, "आधी नट हुडका, मग रडा!" आणि तिनं सूप आणून मिरची पाखडायला घेतली. नट खडाखड बाजूला पडले. ती बाई व्हिडिओत का नव्हती कोण जाणे.

खाली मी चाकं चढवायला लागलो. डोळे उघडत नव्हते, कॅलिपरचा रंग ओला होता, आणि माझ्या प्रत्येक झटक्याला आबा आत बसल्या जागी डुलत होते. "आबा, जरा धरून बसा." आबा दाराच्या वरची मूठ धरून बसले. न हलणाऱ्या गाडीत मूठ धरून बसलेला माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो. एकदा मी चाकाआडून वर बघितलं, तर त्यांचे ओठ हलत होते. काचेतून आवाज येत नव्हता. "आक्का" एवढंच कळत होतं.

रफीकभाईंनी पाना माझ्या हातातून घेतला आणि ते एकेक नट आवळत गेले. अर्ध्यात थांबून म्हणाले, "आत्या आल्या की आमच्या दाराला काजूची पुडी दिल्याबिगर जायच्या न्हाईत." बाहीनं डोळे पुसले आणि पुन्हा आवळायला लागले. त्यांनी तर मिरचीला हातही लावला नव्हता.

साडी सुनंदाला विकत आणावी लागली नाही. आईनं कपाटातून हिरवी इरकल काढली. आत्याच्या पणतूचं बारसं पुढच्या महिन्यात होतं, त्यात आत्याला नेसवायला घेतलेली. आई घडीवर हात फिरवत म्हणाली, "कोरीच राहू दे म्हटलं, हवा लागाय नको म्हनून उघडली पन न्हाई."

निघालो. मी रॉकेलनं हात पुसले होते. त्यानं रंग गेला नाही, पातळ होऊन मनगटापर्यंत पसरला. हायवेला लागलो तसा गाडीत एक वास यायला लागला. आधी मला वाटलं पुढं कुणाचं काही जळतंय. टोलनाक्यावर ब्रेक दाबला, आणि पुढच्या दोन्ही चाकांतून पांढरा धूर!

"ओ पावणं!" टोलवरचा माणूस खिडकीतून अर्धा बाहेर आला. "गाडी पेटलीया तुमची!"

"पेटली न्हाई, रंग वाळतोय!"

"रंग?"

मागच्या ट्रकवाल्यानं खाली उतरून पाण्याचा कॅन दोन्ही चाकांवर ओतला. चर्रर्र आवाज झाला. धूर दुप्पट झाला. सुनंदा आणि आई पदर नाकाला लावून बसलेल्या.

"आबा, जरा थांबू या, थंड होऊ दे."

"चल," आबा म्हणाले. गाडीत बसल्यापासूनचं त्यांचं हे चौथं बोलणं असेल.

निपाणी मागं पडली आणि गाडी बोलायला लागली. तबकडीला रंगाचे ओघळ लागले होते. ब्रेक दाबला की कुंईऽऽऽ! वळणाला कुंईऽऽऽ! समोर म्हैस आली की कुंईऽऽऽ! म्हशीसुद्धा वळून बघत होत्या.

आजऱ्यात आत्याच्या गल्लीच्या तोंडाशी पोहोचलो तेव्हा ऊन डोक्यावरून कललं होतं. दारात मांडव, माणसं दोन्ही बाजूंना खाली माना घालून उभी. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. एवढ्या शांततेत आमची गाडी उतारावरून आली आणि मी ब्रेक दाबला.

कुंईऽऽऽऽऽऽऽ!

सगळी गल्ली वळली. मला गाडीसकट जमिनीत जावंसं वाटलं. पण आतून बायकांचा एकच हंबरडा उठला, "आला गं! आला गं तुझा भाऊ! ऊठ की आता!"

आबा उतरले. आनंदादादानं त्यांना एका बाजूनं धरलं, आणि साडीची पिशवी माझ्याकडं आली. मी आत जाऊन साडी बाहेर काढली आणि पुढं केली. कुणी एक बाई माझ्या सुजलेल्या लाल डोळ्यांकडं बघून दुसरीला म्हणाली, "भाच्यानं लई मनाला लावून घेतलंय." मग साडीकडं बघून तीच दचकली.

"अगं बया! रगत!"

हिरव्या कोऱ्या घडीवर माझी लाल बोटं उमटली होती. पाचही. इतकी नीट, की पोलिसांना उपयोगी पडली असती.

"रगत न्हाई," मी म्हणालो. "रंग हाय. गाडीचा." सगळ्या घरासमोर, तिच्या शेवटच्या साडीवर मी हे केलं होतं. आई कपाळावर हात मारून खाली बसली. "दुसरी आना," कुणीतरी म्हणालं. "आता कुठली आनायची?" दुसरं कुणीतरी.

दाजी कोपऱ्यात भिंतीला टेकून बसले होते. उठले. काठी टेकत आले, साडी हातात घेतली, डोळ्यांजवळ नेऊन ती बोटं बघितली.

"असू दे," ते म्हणाले. "तिची बोटं तरी कवा साफ हुती? लग्नात आलेल्या शालूवर पन पुढं काजूचा चीक लागला. लोक हसले, तर ही बी हसली." त्यांनी साडी आबांच्या हातात दिली. "घाल. माहेरचंच हाय."

आबांनी आत्याच्या अंगावर साडी घातली, लाल बोटांची बाजू वर ठेवून. आणि मग सकाळपासून भिंतीकडं बघत बसलेला तो म्हातारा तिच्या पायांवर पडून लहान पोरासारखा रडला. आम्ही कुणी त्यांना उठवलं नाही.

सगळं आटोपून परत निघालो तेव्हा दिवस मावळतीला आला होता. उत्तूरच्या पुढं चहाच्या टपरीवर थांबलो. आबा उतरले आणि पुढच्या चाकासमोर उकिडवे बसले. मी म्हटलं, आता आली माझी पाळी.

"हे लाल केल्यानं गाडी जास्त पळती?"

"न्हाई, आबा."

"मग लवकर थांबती?"

"न्हाई." (आज तर मुळीच नाही!)

"मग कशाला?"

"दिसायला बरं दिसतं."

आबा वाकले. ह्या बाजूनं बघितलं, त्या बाजूनं बघितलं. "दिसतंय कुठं?"

मीही वाकलो. चाकांवर प्लॅस्टिकची झाकणं जशीच्या तशी बसवलेली होती. लालाचा टिपूसही दिसत नव्हता.

"मी बसवली," सुनंदा म्हणाली. "परक्या गावात जायचं, चाकं बोडकी नकोत म्हटलं."

आबांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं परत रडतायत. पण ते हसत होते. खाली बसून, चाकाला धरून, टोपी घसरेपर्यंत. "आक्का असती," ते म्हणाले, "तर हसून हसून म..."

आणि थांबले. टपरीवाल्यानं चहा आणून ठेवला, तो निवून गेला तरी कुणी उचलला नाही.

मग आबा उठले, टोपी सरळ केली आणि म्हणाले, "चल, घरी जाऊ."

अंधार पडल्यावर कोल्हापूर गाठलं. माझा रंग दिसत कुणाला नव्हता, पण कुंईऽऽऽ करत प्रत्येक सिग्नलला ऐकू सगळ्यांना जात होता. गाडीचा रंग लोकांना कानानं दाखवणारा माणूस जगात बहुधा मी एकटाच!