दोन नंबरच्या गेटाचे साडेपाच तास

वैजयंती हलगे आमच्या साखर कारखान्यात कामाला लागली तेव्हा मी वजनकाट्यावर कारकून होतो. सेलूच्या शिवाप्पा हलग्यांची ही मधली लेक. त्यांचं भांड्यांचं दुकान होतं. पोरगी परभणीला कॉम्प्युटर शिकली आणि इकडे गंगाखेडच्या बाजूला येऊन कारखान्याचा डेटाबेस सांभाळू लागली. बोलायची कमी, पण डब्यातली शेंगदाण्याची चटणी न विचारता माझ्या भाकरीवर ठेवायची. काही चुकलं की नाक खाजवायची. तेवढ्यावरून मला कळायचं.

ऊसगाड्यांचे नंबर तिच्याकडे होते. गाडी गेटातून आत आली की तिथला कारकून कॉम्प्युटरवर नोंद करायचा, डेटाबेस त्या नोंदीला वेळ लावायचा आणि त्या वेळेच्या क्रमानं गाडी काट्यावर यायची. पूर्वी नंबर तोंडी चालायचा आणि रोज मारामारीची पाळी यायची. वैजयंतीनं ते बंद केलं होतं. त्या हंगामात गाड्या वाढल्या म्हणून जानेवारीत दुसरं गेट उघडलं. तिथला प्रोग्रॅमही तिनंच बसवला.

त्यानंतर नवव्या दिवशी, ऐन दुपारी, धुरपदाबाई माझ्या खिडकीशी आली. जिंतूरकडची ऊसतोड कामगार, नवरा सुग्रीव गाडी हाकायचा. ती तावातावानं म्हणाली, "भाऊ, आमी सकाळी सातला एक नंबरच्या गेटानं आत आलो. ही म्होरली गाडी दोनच्या गेटानं बारा वाजता आली. ती काट्यावर चालली अन् आमी हितंच. नऊ दिस झाले, रोज असंच व्हायलंय."

"बाई, स्क्रीनवर दिसतो तोच नंबर. मशीन कुनाची बाजू घेत न्हाई," मी म्हणालो.

"मशीनचं ऱ्हाऊ द्या. मला लिव्हता येत न्हाई, पर माझ्या मागून कोन आलं ते कळतंय की. बैलं बघा, तोंडाला फेस आलाय."

वैजयंती माझ्या मागंच उभी होती. ती सरळ बाहेर गेली. दोन्ही गाड्यांच्या गेटावरच्या चिठ्ठ्या तिनं मागून घेतल्या. धुरपदाबाईच्या चिठ्ठीवर सात दहा, दुसरीवर बारा पाच. बाई खरं बोलत होती. मग आत येऊन तिनं डेटाबेस उघडला. तिथं धुरपदाबाईची वेळ सात दहाच होती, पण दुसऱ्या गाडीची सहा पस्तीस.

वैजयंतीनं नाक खाजवलं. "काका, चूक माझी हाय."

"कशी काय?"

"प्रोग्रॅम डेटाबेसला जोडला की त्या जोडणीला सेशन म्हणतात. कुठल्या वेळेनं चालायचं ते प्रत्येक सेशनला सांगावं लागतं. एक नंबरच्या गेटाला मी भारताची वेळ सांगितली होती. दोनच्या गेटाला सांगायची राहिली. मग त्यानं सर्व्हरची वेळ धरली, म्हणजे इंग्लंडातल्या ग्रीनिचची. ती आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं असती."

"मग चिठ्ठीवर वेळ बरोबर कशी?"

"चिठ्ठी गेटावरच्या कॉम्प्युटरचं घड्याळ बघून छापली जाती. नंबर डेटाबेसातल्या वेळेवर लागतो. अन् तिथं मी नुसते आकडे ठेवले, ही वेळ कुठली ते ठेवलंच न्हाई."

म्हणजे बाराला आलेली गाडी डेटाबेसाच्या लेखी सकाळी साडेसहालाच येऊन बसली होती.

तिनं आधी सगळ्या नोंदींची एक प्रत काढून ठेवली. मग जोडणी होताक्षणी प्रत्येक सेशनला भारताची वेळ मिळेल अशी ओळ घातली, आणि पुढच्या प्रत्येक नोंदीत वेळ कुठली तेही राहील अशी सोय केली. दोन नंबरच्या गेटाच्या नऊ दिवसांच्या नोंदींत साडेपाच तास मिळवले. तासाभरात स्क्रीन बदलली आणि धुरपदाबाईची गाडी एकदम अकरा नंबरांनी पुढं सरकली.

आमचे साहेब म्हणाले, "झालं ना दुरुस्त? आता बोभाटा नको. गाडीवान डोक्यावर बसतील."

"साहेब, ती माणसं नऊ दिवस उन्हात ताटकळली," वैजयंती म्हणाली आणि गाडीतळावर निघाली. मीही मागोमाग गेलो. पाण्याच्या टाकीजवळ उभी राहून ती मोठ्यानं म्हणाली, "एक नंबरच्या गेटानं येणाऱ्यांचे नंबर नऊ दिवस मागं पडत होते. चूक मशीनची न्हाई, माझी हाय. माफ करा."

गोपीचंद नावाचा मुकादम पुढं आला. "माफ करू. पर आमचे नऊ दिस कोन देनार?"

"ते मला देता येत न्हाईत, दादा." खाली मान घालून ती तिथंच उभी राहिली, निघून गेली नाही.

"गप रे गोपीचंदा," धुरपदाबाई गर्दीतून म्हणाली. "बारा हंगाम केले मी. चुकलं म्हून सांगाया हापिसातलं कोन आलंय का आजवर?" तिनं वैजयंतीला दंडाला धरून गाडीच्या सावलीत बसवलं आणि तीन दगडांच्या चुलीवरचा कोरा चहा पेल्यात ओतून दिला. चहा लय गोड होता. वैजयंतीनं डोळे पुसत सगळा संपवला.

दुसऱ्या दिवसापासून स्क्रीनवर नंबराशेजारी गाडी आल्याची वेळही दिसू लागली. ज्याला वाचता येई तो बाकीच्यांना मोठ्यानं वाचून दाखवी. सकाळी कामावर आल्याबरोबर वैजयंती दोन्ही गेटांवर जाऊन पहिली नोंद स्वतः तपासायची. त्या हंगामात नंबरावरून पुन्हा तक्रार आली नाही.

पुढच्या वर्षी धुरपदाबाईच्या लेकीचं, पिंकीचं, लग्न निघालं. पत्रिका द्यायला सुग्रीव स्वतः कारखान्यावर आला. वैजयंती आणि मी एसटीनं गेलो. मांडवात धुरपदाबाईनं तिला आपल्या बहिणींच्या पंगतीत बसवलं, वाढपी मुलाच्या हातातली बादली घेतली आणि स्वतः वाढू लागली. वैजयंती दोन्ही हात ताटावर आडवे धरून "पुरे, मावशी, पुरे" म्हणत होती, आणि बोटांच्या फटींतून बुंदी पडतच होती.