किताबवाले मामा

देवाचा शब्द आमच्या मामावानी पाळणारा माणूस आख्ख्या परभणी जिल्ह्यात झाला न्हाई, अन् त्यांनी त्यो मोडला त्यो माझ्यापायी. मामा म्हंजे माझ्या सासूचे थोरले भाऊ, चुडाव्याचे मेंढपाळ. मिशनच्या दवाखान्यात बरे झाले अन् किरिस्ताव होऊन, जाडजूड किताब बगलेत मारूनच घरी आले. पादरी म्हणायचे, येसूची नवी किताब वाचा, मामा म्हणायचे, "आधी जुनी तर पाळून होऊ द्या." मग जुनीतला एकेक हुकूम धरून बसायचे. शनवारी चूल न्हाई, शिळी भाकर. ज्वारी काढली की शेताचे चारी कोपरे गरिबासाठी उभे, शेजारी हाका मारायचे, मामा, राह्यलं की तिकडं. लोकर अन् सूत एका अंगावर नको, म्हणून थंडीत घोंगडं घ्यायचं तर आधी सदरा काढायचे, मग उघड्या अंगाला टोचायलं की खाजवत बसायचे. मामी म्हणायची, "तुमच्या देवाला मेंढरं ठाऊक असतील, हिवाळा ठाऊक न्हाई." आमी लय हसायचो, पण भांडण झालं की न्यावाला समदे त्यांच्याच दारात, कारण सख्ख्या मेव्हण्याला बी त्यांनी कधी सोडलं न्हाई.

रझाकाराच्या धामधुमीत माझे मालक महिनाभर बेपत्ता व्हते. तवा सासू मल्हारीला नवस बोलली, पोरगा जित्ता आला तर त्याचं पहिलं लेकरू वाघ्या म्हणून तुला सोडीन. म्हंजे जल्मभर देवाच्या दारात भंडारा उधळत मागून खायचं. मालक आले, सालाभरात माझा पोरगा झाला, अन् त्याचं जावळ काढायच्या टायमाला सासूनं नवस काढला. मी दुसरी यत्ता शिकलेली, मला काय सुचंना, लेकरू कडंवर घिऊन पळतच मामाकडं गेले. त्यांनीच एकदा अब्राहामाची गोष्ट वाचली व्हती, देवानं पोरगा मागितला, बाप सुरी घिऊन डोंगरावर गेला, अन् शेवटाला देवानंच झुडपात अडकलेला एडका दाखवला. मी म्हणले, "मामा, तुमच्या देवाला एडका चालला, आमच्या देवाला का चालंना?"

मामानं किताब बगलेतून काढून खाली ठिवली. मग उठून सासूकडं आले. सासू म्हणली, "दादा, तू सवताच्या हातानं एडका वाहशील, कपाळाला भंडारा लावशील, तरच नवस फिटला म्हणीन." तिला वाटलं, ते न्हाईच म्हणतील. किताबंतला पहिलाच हुकूम तसा, माझ्याबिगर दुसरा देव नको. मला बी ठाऊक व्हता त्यो. मी तोंडाला पदर लावून गप उभी राह्यले.

मामानं कळपातला थोरला एडका नेला. परत आले तवा कपाळावर हळद तशीच. म्हणले, "लेकरू घरी ठिव, सुनबाई." त्या दिसापून किताब फडक्यात बांधून आढ्याला टांगली. न्यावाला कुणी आलं तर म्हणायचे, "मी हुकूम मोडलेला माणूस हाय, बाबा. दुसरीकडं जा."

पोरगा आता शाळंत जायलाय. मामाला जाऊन दोन सालं झाली. किती डाव ठरवून गेले व्हते मी, अन् त्यांच्या म्होरं गेलं की लेकराचं नाक पुसत बसायची. एकदा तरी पाय धरून म्हणायचं व्हतं, मामा, तुमचा देव इचारील तवा माझं नाव सांगा.