पुलावरचा राक्षस आणि बंद फाटक

सोमवार, सकाळचे अकरा. मीटिंग रूममध्ये तिघं: आमच्या गेम कंपनीचे मालक विनोद सर, डिझायनर प्रणाली आणि टेस्टिंग बघणारी मी. समोर आकडा एकच. आमचा अर्धा तयार गेम बाहेरच्या चाळीस लोकांना खेळायला दिला होता. त्यातल्या सत्तावीस जणांनी तो पुलावरच्या राक्षसापाशी कायमचा सोडला.

"राक्षसाची ताकद अर्धी करा," सर म्हणाले. "अन् पुलाखालचं जंगल काढून टाका. तेरा लोकं पोचले तिथं. त्याच्यासाठी अजून दोन महिने काहून घालवाचे?"

प्रणाली जंगलाशेजारच्या पारशिवनीची. ते जंगल तिनं आठ महिने खपून उभं केलं होतं, साग-मोहासकट. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "मॅडम, सर तर माह्यं जंगलच कापून राहिले."

मी सरांकडून शुक्रवारपर्यंत मुदत मागून घेतली.

आमच्या गेमला ॲक्शन रोल-प्लेइंग म्हणतात. लढाई आपल्याच बोटांनी लढायची आणि हळूहळू आपला नायक बळकट करायचा. यातल्या अवघड गेममध्ये मरण गृहीतच असतं. मेलात की ठरलेल्या जागी, चेकपॉइंटवर, पुन्हा उभे राहता. मी आधी पंधरा वर्षं हिंगण्याच्या कारखान्यात क्वालिटी तपासायचे. वही ही तिथली सवय. असे दोन नावाजलेले परदेशी गेम मी घरी पूर्ण केले आहेत आणि प्रत्येक मरणाची नोंद आहे. घरचे हसतात, हसोत.

वही उघडली. पहिल्या मोठ्या शत्रूपाशी एका गेममध्ये मी एक्केचाळीस वेळा मेले होते, दुसऱ्यात तेहतीस. मग आमचा गेम नव्यानं खेळले. एकोणीस. म्हणजे तिघांत आमचाच राक्षस मवाळ. तरी लोक पळत होते.

उत्तर शेजारच्या रकान्यात होतं: दोन मरणांच्या मध्ये मी आणखी कुठे गेले? पहिल्या गेममध्ये सहा ठिकाणी, दुसऱ्यात चार. कंटाळा आला की वेगळी वाट धरायची, एखादी ढाल सापडायची, परत यायचं. आमच्या गेममध्ये शून्य. जंगलाचं फाटक राक्षस मेल्यावरच उघडायचं. तोवर चेकपॉइंटपासून पुलापर्यंत तीच सव्वादोन मिनिटांची चाल, एकोणीस वेळा.

हे वर्षभर कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? ऑफिसात सगळे गॉड मोड लावून तपासतात. त्यात नायक मरतच नाही, काम लवकर उरकतं. सगळ्यांत मीही आले.

शुक्रवारी मी गॉड मोड बंद केला आणि कंट्रोलर सरांच्या हातात दिला.

"अरे! हा कुठून मारून राहिला?"

"डावीकडून, सर."

"मंग काहून नाही सांगत?"

पाचव्यांदा मेल्यावर त्यांनी कंट्रोलर टेबलावर ठेवला. "मी चहा पिऊन येतो."

मी वहीत लिहिलं. "अठ्ठाविसावे, सर."

"काय अठ्ठाविसावे?"

"सोडून जाणारे."

प्रणाली खाली बघून हसली. सर परत बसले. "फाटक आधी उघडता येते का वं, प्रणाली?"

"दहा मिनिटं द्या, सर."

चहा तिथंच मागवला. सर जंगलात शिरले. मोहाच्या ढोलीत त्यांना ढाल मिळाली; चहा गार झाला. पुलावर येऊन ते आणखी सात वेळा मेले, आठव्यांदा राक्षस पडला. त्याची ताकद आम्ही जराही कमी केली नव्हती.

मग फाटक उघडं ठेवून गेम नव्या चाळीस जणांना दिला. राक्षसापाशी सोडणारे नऊ. गंमत म्हणजे मरणं वाढली: आधी माणशी सरासरी आठ, आता चौदा. लोक जास्त मरत होते, कारण ते टिकून होते. कारखान्यात मी कितीतरी तक्ते केले, पण भिंतीवर लावला तो या मरणांचाच.

शिकले ते एवढंच: शत्रूचं बळ मोजण्याआधी खेळणाऱ्याला दुसरी वाट आहे का ते मोजावं, आणि स्वतः मरून मोजावं. आता दर सोमवारी ऑफिसात गॉड मोड बंद असतो, सरांनाही. मागच्या सोमवारी ते सोळा वेळा मेले. नोंद आहे.

सरांनी शेवटी ते दोन महिने मोजून दिले. ते प्रणालीला मिळाले, जंगलासाठी.