सोनेगावच्या फाटकाशी तीन दिवस

जात्यावर अर्धी तूर भरडून झाली होती, अर्धी अजून सुपात होती, तेवढ्यात पोस्टमननं दाराशी सायकल टेकवली. जयवंताबाईनं भुशानं माखलेले हात लुगड्याला पुसले आणि पत्र घेतलं. अक्षर जावयाचं होतं. लेकीच्या अक्षरातलं पत्र ती उभ्या उभ्या वाचत असे. जावयाच्या अक्षरातलं उघडण्याआधी मात्र तिनं एकदा देव्हाऱ्याकडे पाहून घेतलं.

पत्र चार ओळींचं. "नलूला बुधवारच्या विमानाने नागपूरला पाठवतो. आमच्या पासावर जागा रिकामी असली तरच बसू देतात. बुधवारी न जमल्यास गुरुवारी, नाहीतर शुक्रवारी. विमान दुपारी दीडच्या सुमारास उतरते. उतरवून घ्यावे." खाली सही. तब्येत कशी आहे, गहू कापला का, यातलं काहीच नाही.

एकोणऐंशी सालचा फाल्गुन होता. नलूला सातवा महिना चालू होता आणि जयवंताबाईच्या मोजणीनं येत्या शनिवारी आठवा लागत होता. पहिलटकरणीला माहेरी आणायचं ते सातव्यात; आठव्यात तिनं वेस ओलांडायची नाही, आणि नवव्यात मुंबईहून नाचणगावला आणायची तर छाती हवी. म्हणजे शुक्रवारपर्यंत नलू आली तर बाळंतपण आईच्या घरी, नाही आली तर तिकडेच, दवाखान्यात, परक्या बायांच्या हातात.

पत्र घेऊन ती चुलत दिराकडे, महादेवरावांकडे गेली. लेकीला सासरहून आणायला घरचा माणूस जातो, त्याला मुराळी म्हणतात. भाऊ जातो, भाऊ नसला तर काका जातो. नलूला भाऊ नव्हता.

"भाऊजी, तुम्ही जाता काय मुंबईले? पोरगी एकटी येऊन राह्यली."

महादेवराव गव्हाच्या पेंढ्या बांधत होते. हसून म्हणाले, "वहिनी, इमानाले काऊन लागते मुराळी? तिथं डायवर असते ना! दीड घंट्यात नागपूर. मी रेलगाडीनं मुंबईले पोचीन तवापर्यंत तुमच्या नलूचं येनं-जानं दोनदा होऊन जाईन."

ती माघारी फिरली. घरी आली आणि सुपातली तूर तशीच झाकून ठेवली.

जयवंताबाई गावात नेमाची बाई म्हणून ओळखली जाई. तिचा नवरा रूपराव पुलगावच्या गिरणीत कामाला होता. नलू सहा वर्षांची असताना तो तीन दिवसांच्या तापात गेला. तेव्हापासून चार एकराचा तुकडा बटईनं, अर्ध्या वाट्यानं कसायला देऊन, लोकांच्या वाकळा शिवून तिनं पोरीला दहावीपर्यंत शिकवलं. बाईचं घर पुरुषाशिवाय उभं राहायचं तर त्याला काहीतरी टेकू लागतो. तिचा टेकू म्हणजे नेम. तुळशीला पाणी घातल्याशिवाय चहा नाही, गुरुवार सोडला नाही, सोमवारी नांगरट नाही. शेजारची मंदाबाई म्हणायची, "आपल्या टेसनातली पाशिंजर चुकीन, जयवंताचा नेम नाई चुकाचा." जयवंताबाईला ते ऐकून बरं वाटे. ती एकच गोष्ट होती जी तिच्याकडून कोणी काढून नेऊ शकलं नव्हतं.

पण त्या नेमानंच मागच्या दिवाळीत घात केला होता.

दिवाळीत ती मुंबईला गेली होती. मेलनं दादरला उतरली, जावई घ्यायला आला होता, बसनं विमानतळाजवळच्या वसाहतीत नेलं. जावई वासुदेव देवळीकडचा, आयटीआय शिकलेला, विमानांच्या दुरुस्तीत मिस्त्री. बसच्या कपाळावरचे आकडे मराठीत लिहिलेले पाहून तिला धीर आला होता. तिनं तिथल्या पाच दिवसांत पाहिलेल्या बसचे नंबर मनात घोकून ठेवले होते. वासुदेवनं कौतुकानं सगळं दाखवलं. खोली दाखवली, मोरी दाखवली, नवा फिल्टर दाखवला. आणि त्या फिल्टरचं पाणी तिनं घेतलं नाही.

लेकीच्या पोटी लेकरू येईपर्यंत तिच्या घरचं पाणी घ्यायचं नाही, हे तिच्या आईनं पाळलं, सासूनं पाळलं. तिनं दशम्या आणि चिवडा बांधून नेला होता. पाण्यासाठी सकाळ-संध्याकाळ तांब्या घेऊन तीन जिने उतरायची आणि खालच्या सगळ्यांच्या नळावर भरायची. तिला वाटलं, आपण रीत सांभाळतो आणि कोणाला त्रासही देत नाही. चौथ्या दिवशी नळावर कोणीतरी वासुदेवला विचारलं, "काय, सासूबाईंशी भांडण झालं का?" तो वर आला, जोडे न काढताच दारात उभा राहिला आणि म्हणाला, "आमचं पाणी चालत नाई, मंग पोरगी काऊन देल्ली?"

नलू स्टोव्हकडे तोंड करून बसली होती. ती वळली नाही.

तेव्हापासून जावयाची पत्रं चार ओळींची झाली.

बुधवारी पहाटे उठून जयवंताबाईनं बेसनाच्या पाटोड्या केल्या, नलूच्या आवडीच्या. रस्सा झाकून ठेवला. भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा लोटा पिशवीत घातला.

मंदाबाई कुंपणावरून पाहत होती. "काय वो, इमानाच्या शिडीखालीच ओवाळून टाकशीन काय? लोकं हासतीन तिथं."

"हासू दे. पोटुशी लेक एवढ्या आभाळातून येऊन राह्यली. कोनाकोनाची नजर लागली असन."

नाचणगावाहून पुलगाव पायी, पुलगावहून सकाळची पॅसेंजर. वर्धेला गाडी अर्धा तास थांबली. एका बाईनं सांगितलं म्हणून ती नागपूरला न जाता अलीकडे अजनीलाच उतरली. तिथून विचारत विचारत वर्धा रोड, सिटी बस, सोनेगावचा फाटा, मग उन्हातला डांबरी रस्ता. विमानतळाच्या फाटकाशी पोचली तेव्हा साडेबारा झाले होते.

फाटकावरचा चौकीदार खाकी शर्टातला, पन्नाशीचा. त्याचं नाव कवडू.

"कोनाले घ्याले आली मावशी?"

"लेक येऊन राह्यली मुंबईवून."

"इमानानं?" त्यानं तिच्या पायांकडे पाहिलं, चपलेवर बोट बोट धूळ होती. "मोठी मानसं हा बापा तुम्ही! अन् माय पायी."

"जावाई इमानात मिस्त्री हाय. पास भेटते त्याले."

"हां, पासवाले. मंग जागा असली तर." त्यानं कडेच्या लिंबाखाली बोट केलं. "बसा तिथं. आलं का दिसतेच, लपून थोडीच येते."

विमान आलं. तिनं आवाज ऐकला आणि उभी राहिली, आणि मग एवढी मोठी वस्तू जमिनीला टेकेपर्यंत तिच्यानं श्वास सोडवेना. माझी लेक याच्या पोटात आणि लेकीच्या पोटात लेकरू, असं तिच्या मनात आलं. शिडी लागली. सुटाबुटातले उतरले, एक साधू उतरला, दोन बाया उतरल्या, एकीच्या कडेवर मूल. जयवंताबाईचा हात पिशवीतल्या लोट्यावर होता. शेवटी पांढऱ्या कपड्यातला एक माणूस उतरला आणि शिडी निघाली.

"झालं," कवडू म्हणाला. "उद्या पाहजो."

परत येताना फाट्यावर एसटीला हात दाखवला. वर्धेपर्यंत उभं राहून, तिथून पुलगावची गाडी. घरी आली तर दिवेलागण झाली होती. पाटोड्यांचा रस्सा गार झाला होता. तिनं एकटीपुरता वाढून घेतला, उरलेला मंदाबाईकडे दिला.

गुरुवारी तिचा उपास. पुन्हा पाटोड्या केल्या, पुन्हा पॅसेंजर, अजनी, बस, डांबरी रस्ता. या वेळी कोणाला विचारावं लागलं नाही. कंडक्टरनं "सोनेगाव ना?" म्हणत न मागता तिकीट फाडलं, तेव्हा तिला उगाच लाजल्यासारखं झालं, ओळख पटावी एवढं काही आपलं या शहरात नाही, असं वाटलं.

लिंबाखाली तिला भोवळ आली. कवडूनं आपल्या माठातलं पाणी आणून दिलं. ती दोन लोटे घटाघटा प्याली. तोंड पुसलं तेव्हा तिच्या ध्यानात आलं की या माणसानं सांगितलेलं त्याचं गाव हिंगणघाट, एवढंच आपल्याला ठाऊक आहे. ती बराच वेळ त्या रिकाम्या लोट्याकडे पाहत राहिली.

विमान आलं. नलू नव्हती.

"भाऊ, एक काम करता काय? आत पुसून या ना. जागा नव्हती म्हनून नाई आली, का घरूनच निंगाली नाई?"

कवडू आत जाऊन आला. "इमान फुल भरून होतं म्हनते."

"पन ते लोकं तिकडे तळावर आलते का नाई आलते?"

"आता ते कागदात थोडीच लिवून असते, मावशी?"

हेच तिला हवं होतं आणि हेच कोणी सांगू शकत नव्हतं. जागा भरली होती का? की जावयाचं मनच नव्हतं? एसटीच्या खिडकीशी बसून ती सेलूपर्यंत तेवढंच घोळवत राहिली. 'जागा नव्हती' म्हटलं की कोणी खोटं पाडू शकत नाही. रागावलेल्या माणसाला याच्याइतकं सोपं कारण कुठे मिळेल? मग तिला स्वतःचीच लाज वाटली, आपण लेकीच्या कुंकवाबद्दल असं मनात आणतो. तिनं केजाजी महाराजांचं नाव घेतलं आणि डोळे मिटले. झोप आली नाही.

मंदाबाई दारातच होती. "आली नाई?"

"नाई."

"असं कर, पाटोड्याचं बेसन संपलं असन तर मी देतो," असं म्हणून तीच हसली, आणि मग जयवंताचं तोंड पाहून घरात गेली. थोड्या वेळानं ताटात गरम भाकरी घेऊन आली आणि चुलीशी ठेवून गेली.

शुक्रवारी पाटोड्या केल्या नाहीत. करायचं मन झालं नाही की केल्यामुळे अडतं असं वाटलं, तिचं तिलाच कळलं नाही. गाडीत बसायला जागा मिळाली तरी ती दाराशी उभी राहिली.

कवडूनं तिच्यासाठी लिंबाखाली एक खोकं आणून ठेवलं होतं. "आज येते पाहा मावशी, मायं मन म्हनते."

विमान एक तास उशिरा आलं. शिडीवरून माणसं उतरली. ती मोजत नव्हती, फक्त पोट पाहत होती. नलू नव्हती. शिडी काढायच्या वेळी एक पोरगेलासा माणूस उतरला, तेलकट कपड्यातला, हातात हत्यारांची पेटी. तो सरळ फाटकाशी आला आणि त्यानं चौकीदाराला विचारलं, "नाचणगावच्या जयवंताबाई कोण?"

चिठ्ठी नलूच्या अक्षरात होती.

"आई, बुधवारपासून आम्ही दोघं रोज सामान घेऊन विमानतळावर जातो अन् परत येतो. लग्नसराई आहे, सगळी विमानं भरून जातात. आज ड्युटीवरचा हा दादा एकटा बसला, त्याच्या हाती देते. उद्या आठवा लागतो. हे म्हणत होते, सोमवारी पुन्हा पाहू. मीच नाही म्हटलं. आठव्यात वेस ओलांडायची नाही, हे तूच शिकवलं. दवाखान्यात नाव घातलं आहे. मला भीती वाटते. तू ये. पण येशील तर मागच्यासारखी येऊ नको."

तिनं ती तीनदा वाचली. जावई खोटा नव्हता. तीन दिवस तो तिकडे सामान धरून उभा होता आणि इकडे ती लिंबाखाली बसून त्याच्या मनावर संशय घेत होती. आणि लेक आली नाही ती तिच्याच शिकवणुकीनं.

"काय लिवलं मावशी? खुशाल हाय ना सगळे?"

"हो भाऊ. खुशाल हाय." तिनं पिशवीतला भाकरीचा तुकडा फाटकाबाहेरच्या कुत्र्याला टाकला. "आता नाई यायची मी."

"मले वाटलं का रोजच येसान," कवडू म्हणाला, आणि ते खोकं उचलून आत नेलं.

फाट्यावर एसटी लवकर मिळाली. खिडकीबाहेर कापलेली शेतं सरकत होती. शेजारी कोणी बसलं नाही. मागच्यासारखी येऊ नको. आईनं पाळलं, सासूनं पाळलं, तिनं पाळलं. उद्या तिनं सोडलं तर गावात कोणाला कळणारही नाही; कळेल फक्त तिला आणि देवाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच नेम मोडण्याचा विचार करताना तिला सोबतीला कोणीच नव्हतं, ज्याला विचारावं असं एकही माणूस नव्हतं. रूपराव असता तर काय म्हणाला असता, तेही आता आठवणीतून उमटत नव्हतं.

घरी आली, पाय धुतले, देव्हाऱ्यात दिवा लावला. हात जोडले. मग मोठ्यानं म्हणाली, "देवा, दोष लागला तर मले लागू दे. लेकराले नको."

पलीकडून मंदाबाईनं हाक मारली, "जयवंता, कोनासंग बोलून राह्यली वो?"

"कोनासंग नाई."

तिनं चिठ्ठी पोथीत घातली आणि ट्रंकेतून लुगडी काढायला घेतली. सकाळी पुलगाव स्टेशनावर जाऊन मुंबईच्या मेलचं तिकीट काढायचं होतं.