डाव्या खांद्याचं फूल

लहान पोरांना घेऊन राहायला गाव कसं निवडावं, असं मला कुणी विचारलं तर मी सांगते, आधी शाळेचा संडास बघा. हसतात लोक. हसू देत. हवा, झाडं, शेजार हे सगळं दोन तासांच्या भेटीत गोडच दिसतं. संडास मात्र पाहुण्यासाठी कुणी सजवून ठेवत नाही.

आम्ही तेव्हा सोलापुरात राहायचो, सात रस्त्याला, चौथ्या मजल्यावर. खाली दिवसभर हॉर्न, आणि नळाला पाणी आलं की घरात सण. नवरा सोलर पंपाच्या कंपनीत, तालुक्या-तालुक्यात फिरून दुरुस्ती करणारा. त्याला घर कुठंही चाललं असतं. मी घरी बसून पाठ्यपुस्तकांची प्रुफं तपासायचे, तेही कुठंही बसून जमणारं काम. धाकटा अजून कडेवर होता. सोलापूर सोडायचं कारण एकच होतं, थोरली.

थोरली घरात नुसती टकळी. डोकं उठवायची माझं. पण उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की तोंडाला कुलूप. बालवाडीत वर्षभरात एक अक्षर बोलली नाही. वर्गात पोरांची खेचाखेच, बाई आधीच कावलेल्या. एक दिवस ती ओल्या चड्डीवर घरी आली. शाळेत शूला जायचं विचारता आलं नाही, म्हणून तशीच बसून राहिली होती. बाईंनी डायरीत लिहिलं नाही, फोन केला नाही, कारण त्यांना कळलंच नव्हतं. त्या दिवशी मी नवऱ्याला म्हणाले, बास झालं. छोटं गाव, छोटी शाळा, जिथं हिच्याकडं कुणीतरी बघेल.

ही गोष्ट मी सगळ्यात आधी ताईला सांगितली. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, तीही सोलापुरातच दिलेली, तिलाही दोन पोरं. आई गेल्यापासून माझी आई तीच होती. बाळंतपणं तिनं केली, पोरांना तेल तिनं लावलं. ती म्हणाली, "तू जाणार तर मी हितं काय करू? आमीपण येतो की. दोघींची पोरं एका अंगणात वाढतील." मला इतका आनंद झाला, की मी नवऱ्याला फोन करून भर दुपारी रडले. तो बिचारा कुठल्यातरी विहिरीवर उभा होता. त्याला वाटलं कुणी गेलं.

मग आमचे रविवार सुरू झाले. दोघी बहिणी, चार पोरं, नवऱ्याची गाडी. मागच्या सीटवर कुणी ना कुणी ओकायचंच. मी कॅरीबॅगा आणि लिंबं घेऊनच निघायचे. एका गावात शाळा चांगली, तर पोरांचा डॉक्टर नाही. एका गावात डॉक्टर, तर शाळेच्या संडासाला कडी नाही, आणि मुख्याध्यापक अभिमानानं नवीन कॉम्प्युटर दाखवतायत. मी म्हणाले, सर, कडी. ते म्हणाले, मॅडम, प्रोजेक्टरपण आहे. नवरा गाडीत येऊन इतका हसला, की पुढं कितीतरी दिवस मी काही मागितलं की तो म्हणायचा, प्रोजेक्टरपण आहे.

शेवटी दोन गावं उरली. माढा आणि वेळापूर.

माढा म्हणजे आमचं माहेर. अण्णा, म्हणजे माझे वडील, तिथं एकटे राहायचे. भाऊ पुण्यात, तो फोनवरचा भाऊ. ताई दर रविवारी सोलापूरहून जाऊन अण्णांचं बघायची. आमचे हे गावं बघायचे रविवार सुरू झाल्यापासून तिचं ते जाणं शनिवारवर आलं होतं, आणि ते तिला जड जात होतं. हे मला दिसत होतं. आंधळी नव्हते मी. पण माढ्यातली शाळा पुन्हा तशीच होती, गर्दीची, ओरडणारी.

वेळापूरची नव्हती. जुन्या देवळाच्या बाजूनं आत गेलं की ती शाळा, दोन खोल्या आणि एक लिंबाचं झाड. संडासाला कडी होती. बाईंनी माझ्या लेकीला नाव विचारलं नाही, गालाला हात लावला नाही. चिंचोक्यांनी भरलेली एक बुट्टी पुढ्यात ओतली आणि स्वतः खाली मांडी घालून चिंचोके निवडायला लागल्या. माझी लेक कितीतरी वेळ नुसती उभी. मग बसली. मग तीही निवडायला लागली. आणि मग परक्या गावात, परक्या बाईला, स्वच्छ आवाजात म्हणाली, "हा फुटका हाय."

बाई म्हणाल्या, "व्हय की. ठेव बाजूला."

एवढंच. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. शेजारी ताई होती, आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवतेय. तिनं ते ऐकलं होतं, बघितलं होतं, आणि माझा हात घट्ट धरला होता.

मला वाटलं, ठरलं. पण परतीच्या वाटेवर ताई म्हणाली, "एवढी मोठी गोष्ट. आईनं कौल लावला असता."

आमच्या घरात ती रीतच होती. स्थळ असो, विहीर असो, ऑपरेशन असो, आई देवीला कौल लावायची. देवीच्या पितळी मुखवट्याच्या दोन्ही खांद्यांवर गंधानं एकेक ओलं फूल चिकटवायचं आणि हात जोडून बसायचं. उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. आणि पडलेल्या फुलाविरुद्ध आमच्यात कुणी जात नाही. मी पदवीधर बाई. कुणी विचारलं असतं तर म्हणाले असते, माझा असल्यावर विश्वास नाही. पण आई गेल्यावर त्या मुखवट्यापुढं बसलं, की ती शेजारीच बसलीय असं वाटायचं. त्याला मी नाही म्हणू शकले नाही. नवरा म्हणाला, "तुमची देवी, तुमी बघा." बाहेरच्या माणसानं यापेक्षा काय बोलावं?

माढ्याला अण्णांच्या देवघरात आम्ही बसलो. आईनंतर फुलं लावायचा मान थोरलीचा, म्हणजे ताईचा. उजवं पडलं तर माढा, डावं पडलं तर वेळापूर. अण्णा मागं भिंतीला टेकून बसले होते. मी मनातल्या मनात डाव्या फुलाला सांगत होते, पड, पड गं बाई. ते जागचं हललं नाही. उजवं अलगद खाली आलं.

ताई म्हणाली, "आईचीच इच्छा." मी नमस्कार केला. वेळापूरच्या बाईंना फोन करून सांगितलं, येत नाही. त्या म्हणाल्या, बरं. मी त्यांना कारण सांगितलं नाही. काय सांगणार होते, फूल पडलं म्हणून?

मे महिन्यात आम्ही माढ्याला आलो. अण्णांच्या पलीकडच्या गल्लीत घर घेतलं भाड्यानं. ताईचं ठरलेलं होतं, या उन्हाळ्यात तू, पुढच्या उन्हाळ्यात आम्ही. मी सकाळी अण्णांची साखर बघायची, इंजेक्शन द्यायची, दुपारी भाकरी आणि संध्याकाळी गोळ्या. मला ते कधी जड गेलं नाही. खरं सांगते, आवडायचं. थोरलीही अण्णांशी बोलायची, त्यांच्या ओसरीवर टकळी चालायची. पण शाळेत पुन्हा तेच. इथल्या पोरांनी तिचं नाव पाडलं, मुकी. गल्लीतून जाताना हाक मारायचे, ए मुके. ती मान खाली घालून माझ्या ओढणीत शिरायची. मी स्वतःला समजवायचे, देवीनं दिलंय, काहीतरी असेल तिच्या मनात. ताईची पोरं आली की हिला सोबत होईल.

दिवाळीच्या आधी मी फराळाला हातभार म्हणून ताईकडं सोलापूरला गेले. ताई, तिची जाऊ आणि मी करंज्या करत बसलो होतो. जाऊबाईंच्या मुलीला होस्टेलला ठेवायचं की नाही, यावरून घरात दोन तट पडले होते. जाऊबाई म्हणाल्या, "तुमच्यात तो कौल लावतात की. लावा की आमच्यासाठी."

ताई हसत हसत, लाटता लाटता बोलली, "कौल काय, आपल्या हातात असतंय. जे पाडायचं नाही त्याला जरा जाड गंध लावायचं. दिवसभर हलत नाही."

जाऊबाई हसल्या. ताईचं लाटणं मात्र थांबलं. तिनं माझ्याकडं बघितलं, आणि मला समजलं. विचारायची गरजच नव्हती. तिचं तोंड बघूनच समजलं.

तरी मी विचारलं. "डाव्याला लावलं होतंस?"

जाऊबाई शहाण्या, तेल बघायला म्हणून उठून गेल्या.

"अगं, अण्णांचं कोण बघणार होतं?" ताई म्हणाली. "मी किती वर्षं पळू? माझा पण संसार हाय."

"आणि तू येणार होतीस ते?"

ती म्हणाली, "ह्यांचं दुकान हितं. कसं येणार आम्ही." म्हणजे कधीच येणार नव्हती. एक अंगण, चार पोरं, सगळं गाजर. आणि मी ते कचाकचा खाल्लं होतं.

"ताई, तू वेळापूरला ऐकलंस की. तुझ्यासमोर बोलली ती. तू रडलीस."

"रडले की. खोटं नव्हतं ते."

तेच तर. खोटं असतं तर बरं झालं असतं. डोळ्यांत खरं पाणी आणणारी बाई त्याच आठवड्यात देवीच्या खांद्यावर जाड गंध थापते, आईचं नाव घेऊन थापते, याला मी काय म्हणू? आपलेच दात, आपलेच ओठ, म्हणतात ना. परक्यानं केसानं गळा कापला तर निदान ओरडता येतं. मी पोरांना उचललं आणि निघाले. पीठ हाताला तसंच होतं.

निघताना ताई दारात आली आणि म्हणाली, "माझ्या एकटीच्या डोक्यातलं नव्हतं हे. अण्णांना विचार."

सबंध वाटेवर मी स्वतःला सांगत होते, ती आपला दोष म्हाताऱ्यावर ढकलतेय. माढ्याला पोचले ती थेट अण्णांच्या ओसरीवर. ते भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. मी उभ्या उभ्याच विचारलं, "फुलाचं तुम्हाला ठाऊक होतं?"

अण्णा लबाड माणूस नाही. कधीच नव्हता. म्हणाले, "व्हय. मीच म्हनलो तिला, कायतरी कर आन धाकटीला हितं आन."

"मला का नाही म्हणालात?"

"तू न्हाय म्हनली असतीस तर?" शेंग तशीच हातात धरून ते म्हणाले. "मला ते सोसलं नसतं."

मी घरी आले. नवऱ्याला सगळं सांगितलं. नेहमी काहीतरी टोमणा मारणारा माणूस, उठून माझ्यासाठी चहा ठेवायला गेला. रागात मला आधी ताईची कीव आली नाही, अण्णांची आली नाही, मला माझीच आली. कारण मी हिशेब करून बघितला होता. अण्णांनी एकदा, फक्त एकदा म्हटलं असतं, पोरी, मला एकट्याला होत नाही, हितं ये, तर मी आले असते. लेकीसाठी दुसरी वाट काढली असती, घरी शिकवलं असतं, इथल्या बाईंच्या पाया पडले असते, पण आले असते. मला माझ्याविषयी यात तिळमात्र शंका नाही.

त्यांची भाकरी मी थांबवली नाही. इंजेक्शन थांबवलं नाही. बोलणं तेवढं कामापुरतं झालं. ताईचे फोन मी उचलत नव्हते. थंडी गेली, ऊन तापायला लागलं, आणि एक दिवस थोरली शाळेतून आली ती पुन्हा ओल्या चड्डीवर. मी दुसऱ्या दिवशी वेळापूरला गेले. बाई तिथंच होत्या. म्हणाल्या, आणा जूनमध्ये. या वेळी मी कुणाला विचारलं नाही, देवीलाही नाही.

मग अण्णांकडं गेले. दुपार होती, ते बाजेवर पडले होते. मी पायाशी बसले आणि म्हणाले, "अण्णा, आम्ही वेळापूरला जातोय. तुम्ही आमच्याबरोबर चला. मी समोर बसून, तोंडानं विचारतेय. येता का?"

त्यांनी आढ्याकडं बघितलं.

"न्हाय," म्हणाले. "हितनं मी न्हाय हलायचा."

लागलं मला. पण सोसलं. माणूस नाही ऐकून मरत नाही. मी म्हणाले, बरं. ताईला कळवते, तुमची काय ती व्यवस्था तिनं आणि भावानं बघावी, मी दर आठवड्याला येईन. ते हं म्हणाले. मी उठले, माठातलं पाणी दिलं, गोळ्या उशाशी ठेवल्या.

दाराशी आले तेव्हा त्यांनी हाक मारली. कुशीवर वळून, कोपरावर डोकं टेकून माझ्याकडं बघत होते.

"तवा इचारलं असतं तुला," ते म्हणाले, "तर आली असतीस का गं?"

आयुष्यात पहिल्यांदा ते मला खरं काहीतरी विचारत होते. मी त्यांच्याकडं बघितलं. वाळलेला हात, छातीवरचा पांढरा सदरा, माझं उत्तर ऐकायला किलकिले केलेले डोळे.

"नसते आले," मी म्हणाले.

अण्णांनी मान हलवली. "वाटलंच मला," म्हणाले, आणि निवांत होऊन भिंतीकडं वळले. एकदासुद्धा त्यांनी परत विचारलं नाही, खरंच का म्हणून. त्यांना ते लगेच पटलं.