बिजलीबाईने न घासलेली टाकी

बिजलीबाईच्या हातात खराटा आला की धुळ्याच्या देवपुरातल्या एका शाळेत शिक्षकसुद्धा निमूट पाय वर घेऊन बसायचे. बावीस वर्षं झाली तिला सेविका म्हणून लागून. सातपुड्याच्या पायथ्याचं गाव सोडून धुळ्यात आली तेव्हा धड मराठी येत नव्हतं, पण फरशी अशी पुसायची की तीत बघून भांग पाडावा. पोरं तिला मावशी म्हणायची आणि तिला टरकूनही असायची. स्वच्छता हाच तिचा रुबाब. आणि का नसावा? दुसरं होतं काय तिच्याजवळ मिरवायला?

अशा बाईच्या हातून अठरा मासे मेले, आणि तेही स्वच्छतेपायीच!

त्याचं असं झालं. वाचनालयात एका माजी विद्यार्थ्याने दिलेली काचेची मोठी टाकी होती. आत खरीखुरी झाडं, त्यांतून फिरणारे चार जातींचे रंगीत मासे. गेल्या वर्षी तपासणीला साहेब यायचे होते. मुख्याध्यापिका रोहिणी मॅडम म्हणाल्या, "मावशी, टाकी चकाचक झाली पाहिजे हं." झालं! बिजलीबाईने पदर खोचला. मासे बादलीत काढले. तळाची खडी ब्लीचिंग पावडर टाकून घासली. पाणी गाळायच्या यंत्रातला काळा स्पंज नळाखाली पिळून पिळून पांढरा केला. टाकी काठोकाठ ताज्या नळाच्या पाण्याने भरली. साहेब खूश, मॅडम खूश. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने वाचनालय उघडलं तर अठराच्या अठरा मासे उताणे. झाडंही शिजवल्यासारखी लिबलिबीत झालेली.

सहावीतली सबा दारातच ओरडली, "मावशीने मासे मारले!" मधल्या सुट्टीपर्यंत ते शाळाभर झालं. मॅडमही म्हणाल्या, "जाऊ दे, टाकी भंगारात देऊन टाका." चकाचक करा म्हणून आपणच सांगितलं होतं, हे त्यांना तेव्हा आठवलं नाही. मोठ्या माणसांना अशा वेळी आठवत नाही, हा माझा अनुभव आहे.

बिजलीबाईला ते फार लागलं. एवढ्या वर्षांत तिच्या कामावर कोणी बोट ठेवलं नव्हतं, आणि आता पोरं तिला बघून कुजबुजायची. ती मॅडमच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिली. "मना हातथीन मरनात, मीच जगाडसू. एक साल द्या." माझ्या हातून मेले, मीच जगवीन. मॅडमनी साल दिलं. टाकी रिकामी पडलेलीच होती, जाणार काय त्यांचं?

रविवारी ती जब्बारभाईंच्या रंगीत माशांच्या दुकानात गेली. त्यांनी सगळं ऐकून कपाळाला हात लावला. "अक्का, त्या काळ्या स्पंजात, त्या खडीत डोळ्यांना न दिसणारे जीव असतात. माशांची घाण तेच पचवतात. तुम्ही त्यांनाच साफ केलं, वर नळाचं औषधाचं पाणी ओतलं. मासे कसे राहतील?"

बिजलीबाईला गावचा नाला आठवला. शेवाळाने निसरडे झालेले दगड, आणि त्या दगडांखाली हात घातला की बोटांना झोंबणारे मासे. "नालामाधला दगड कोनी घसस का?" ती स्वतःशीच म्हणाली. जब्बारभाई हसले. "बस्स, अक्का. निम्मं शिकलात तुम्ही."

उरलेलं निम्मं शिकताना मात्र तिच्या नाकी नऊ आले. गावी गेली तेव्हा नाल्यातून लांब पात्यांची पाणवनस्पती घेऊन आली. तिच्याबरोबर गोगलगायीही आल्या आणि महिनाभर तिला वेचत बसावं लागलं. टाकी खिडकीशी होती, तर उन्हाने पाणी हिरवंगार झालं. मग दोन शिक्षकांना कामाला लावून टाकी आतल्या भिंतीशी नेली. हौसेने आणलेले चमकते निऑन मासे आठवड्यात मेले. आपलं पाणी जड, क्षारांचं, त्यांना मानवत नाही, गप्पी आणि मॉली असे चिवट मासेच ठेवा, असं जब्बारभाईंनी आधीच बजावलं होतं. पण हिने ऐकलं असतं तर ना! मग मुकाट्याने गप्पी आणि मॉलीच आणले. पोरं बिस्किटं टाकायची, ती तिने एकदा डोळे वटारून बंद केली. नळाचं पाणी आलं की दोन बादल्या उघड्या भरून ठेवायची, औषध उडून जावं म्हणून दिवसभर मुरू द्यायची आणि मग आठवड्याला पाव टाकीच बदलायची. स्पंज धुवायचा तोही टाकीतूनच काढलेल्या पाण्यात, नुसता हलकेच दाबून. काळं पाणी बादलीत पडताना तिचे हात शिवशिवायचे. नळाखाली धरून खसाखसा पिळावा असं तिला दर वेळी वाटायचं. पिळला नाही. माझ्या मते हेच तिचं सगळ्यात मोठं काम.

मग मे महिना आला. शाळा बंद, पारा चव्वेचाळीसवर. बिजलीबाई रोज यायची. खिडकीला ओलं गोणपाट, टाकीचं झाकण काढून पाण्यावर टेबल पंखा. वीज गेली की यंत्र थांबायचं. मग स्टुलावर बसून तांब्याने टाकीतलंच पाणी वर उचलायची आणि बारीक धारेने परत सोडायची, म्हणजे पाण्यात हवा मिसळावी. वीज कधी दोन दोन तास यायची नाही. बाई हात बदलायची, पण उठायची नाही. कोण बघत होतं तिला? कोणी नाही. अशा माणसाला मी तरी मनापासून हात जोडतो.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा टाकीत रान माजलं होतं आणि मासे सगळे जिवंत होते. आणि पुन्हा तपासणीची तारीख आली. आदल्या दिवशी रोहिणी मॅडम वाचनालयात शिरल्या आणि नाक मुरडून म्हणाल्या, "अगं बाई, केवढं शेवाळ! मावशी, सगळं काढा आणि एकदा घासून टाका."

"नही, मॅडम."

बावीस वर्षांत बिजलीबाईने साफसफाईला नाही म्हटल्याचं हे पहिलंच.

"मांगे तुम्ही सांगं, मी घसं. मासा मरनात नि नाव मनं खराब व्हयनं." ती टाकीसमोरून हलली नाही. "आते घसनं व्हई ते तुमना हातथीन घसा." आता घासायचंच तर तुमच्या हाताने घासा.

मॅडमचा चेहरा उतरला. त्या खाली वाकल्या, बहुधा नजर चुकवायला. तेव्हा त्यांना त्या शेवाळात, पात्यांच्या बुडाशी, जिऱ्याएवढी पिल्लं दिसली. दहा, वीस, पुढे मोजता येईनात. बराच वेळ त्या तशाच वाकून होत्या. मग निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी साहेब टाकीशी थबकले. "सुंदर! कोण सांभाळतं?" बिजलीबाई दारात बादली घेऊन उभी होती. मॅडमनी तिच्याकडे बोट दाखवलं. "या आमच्या बिजलीबाई. मागच्या वर्षी माझ्या सांगण्यामुळे मासे मेले होते, सर. यांनी टाकी पुन्हा उभी केली. आता यांना विचारल्याशिवाय आम्ही कोणी हात लावत नाही."

सातवीत गेलेली सबा तिथेच होती, तिने ऐकलं. म्हणजे मधल्या सुट्टीपर्यंत शाळाभर होणार, हे ठरलेलंच.

साहेब गेले. मॅडम गेल्या. बिजलीबाई स्टूल ओढून टाकीसमोर बसली आणि बसूनच राहिली. त्या दिवशी वाचनालयाची फरशी पुसायची राहिली ती राहिलीच.